डास दिसला का?

आमच्या घराण्याला चष्मा लागत नाही. आम्ही तो लोकांना लावतो!

हे वाक्य मूळ आजोबांचं. पण मी ते इतक्या जणांना ऐकवलं आहे की आता त्यावर थोडा माझाही हक्क लागतो. आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पणजोबांनी ते काढलं, आजोबांनी वाढवलं, बाबा चालवतात. आमची नाकं पाहिलीत तर खास चष्मा टेकवायलाच घडवली आहेत असं वाटेल, पण त्यांच्यावर कधी चष्मा चढला नाही. घरात चष्मा फक्त आईला. "ती बाहेरून आली ना," असं आजोबा फार समजुतीने सांगतात. आई शहरातली बस चालवते. तिच्या खात्यात दर वर्षी डोळे तपासल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. आजोबांचं यावर म्हणणं असं की माणसाला दर वर्षी तपासत बसलं की काही ना काही निघणारच!

आता आमची नजर पक्की आहे हे आम्हाला कसं माहीत? तक्त्यामुळे.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, पणजोबांच्या वेळचा अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. काचेच्या फ्रेममध्ये. वर माठाएवढा ट, मग खाली खाली अक्षरं लहान होत जायची, आणि सगळ्यात खालच्या ओळीत, त आणि क यांच्या मध्ये, एक डास होता. मेलेला. फ्रेम करताना काचेखाली सापडला आणि तिथेच अजरामर झाला! दुसऱ्या कुणी फ्रेम उघडून तो झटकला असता. आजोबांनी त्याचीच परीक्षा बनवली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, ओळी वाचत खाली आलं, की आजोबा विचारणार, "डास दिसला का?" दिसला म्हणाला की नजर उत्तम, घरी जा. नाही दिसला, किंवा तिथे भलतंच काही दिसलं, की आजोबा चुकचुकत म्हणणार, "बारीकसा नंबर आलाय." आई या घरात आली तेव्हा तिलाही त्या खुर्चीत बसवलं होतं म्हणे. चष्मा असूनसुद्धा तिला डास ओळखता आला नाही. आजोबा आठवडाभर तिच्याशी फार मायेने वागले.

मी तर त्या तक्त्याखालीच वाढले. पाळणा तिथेच होता. रडायला लागले की बाबा मला खांद्यावर घेऊन थोपटत म्हणायचे, ट, प ग, म र ब, ल त डास क न. लोकांच्या मुलांचा पहिला शब्द आई असतो, बाबा असतो. माझा 'डास' होता! बाबांना आजोबांनी तसंच झोपवलं होतं आणि आजोबांना पणजोबांनी. त्यामुळे आमच्या घरात डोळे तपासायचे म्हणजे खुर्चीत बसायचं, एका दमात म्हणून टाकायचं आणि जेवायला वर जायचं. आजोबा कौतुकाने मला 'घार' म्हणतात.

घारीचे काही किरकोळ प्रश्न होते, नाही असं नाही. आमच्या शाळेत हल्ली खडू फार फिके येत होते. फळ्यावर काय लिहिलंय ते मी शेजारणीच्या वहीतून बघायचे, आणि बिचारीला ते फिके खडू कसे काय दिसतात याचं मला नवल वाटायचं. एकदा स्टॉपवर थांबलेल्या बसमध्ये चढून मी चालकाला म्हटलं, "आई, डबा विसरलीस." चालकाला दाढी होती. पण तेव्हा ऊन डोळ्यांवर येत होतं! बाबांचंही तसंच. हातात घेतलेल्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना दिसतो, तसे काचा घासणारे हात गावभर शोधून सापडणार नाहीत. पण रस्त्याने येणारी बाई सख्खी आत्या आहे हे ती दारात येऊन ओरडेपर्यंत कळत नाही. ते म्हणतात, मी विचारात असतो. आजोबा म्हणतात, हल्लीचे दिवे मंद झालेत. दिवसासुद्धा.

तर असं आमचं उत्तम चाललं होतं, आणि मग समोरच्या फुटपाथवर ते दुकान उघडलं.

ते दुकान कसलं, काचेचा महालच! सरकते दरवाजे, आरसे, आणि आत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यंत्रं घेऊन बसलेल्या. पण आमचं खरं वैर त्यांच्याशी नव्हतं. वैर होतं कोटवाल्याशी.

कोटवाला म्हणजे त्यांचा दारातला माणूस. उंच, काळा कोट, डोळ्यांवर चष्मा, आणि सदा दात काढून हसणारा. पहिल्या दिवशी आजोबांनी शेजारधर्म म्हणून आमच्या दारातून हात वर केला. कोटवाल्याने हात सोडा, मानसुद्धा हलवली नाही! नुसता हसत राहिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी हात केला. तेच. तिसऱ्या दिवशी आजोबांनी जाहीर केलं की आपल्या घरातलं कुणीही त्या फुटपाथवर पाऊल ठेवणार नाही. "मस्ती किती आहे बघ मेल्याला," आजोबा रोज म्हणायचे, "मालकीण आत राबतेय आणि हा उभा आपला ढिम्म!" वारा सुटला की तो जरासा डुलायचा. त्यावरून आजोबांनी त्याच्या सवयींबद्दल आणखीही काही निष्कर्ष काढले होते, ते इथे लिहीत नाही.

आई तेव्हा एकदा ताटातून डोळे वर करून म्हणाली होती, "तुम्ही तिघं थट्टा करता की खरंच..." पण आजोबांनी तिला थांबवलं. बाहेरून आलेल्या माणसाला दुकानातला मान-अपमान कळत नाही.

मला मात्र कोटवाल्याचा एक फायदा झाला. गेल्या वर्षापर्यंत मी इतकी बुजरी होते की हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा बाकाखाली जावंसं वाटायचं. मग एक दिवस मी ठरवलं, या कोटवाल्याच्या नजरेला नजर द्यायची. रोज सकाळी शाळेला निघताना मी आमच्या पायरीवर उभी राहून त्याच्याकडे रोखून बघायला लागले. पहिल्यांदा माझीच नजर खाली गेली. तो पक्का होता! पापणी लवत नव्हती. पण मीही हट्टाला पेटले. महिन्याभरात माझी छाती अशी तयार झाली की जो माणूस इतका रोखून बघतो त्याला मी भीत नाही, मग वर्गातल्या पोरींना काय भिणार? मी हात वर करून प्रश्न विचारायला लागले. वक्तृत्वात भाग घेतला. नंबरही काढला! एवढा निर्लज्ज आत्मविश्वास माझ्या अंगात आला, तो सगळा त्या कोटवाल्याच्या कृपेने.

पण दुकानाचं गिऱ्हाईक त्या महालाने पळवलं ते पळवलंच. बाबा सकाळी फ्रेमी पुसायचे, दुपारी पुन्हा त्याच पुसायचे. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की तुमच्यासारखा कारागीर आमच्याकडे नाही, दुकान चालत नसेल तर आमच्याकडे या, काचा बसवायला. बाबा फ्रेमी पुसत राहिले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "कोटवाल्याच्या हाताखाली काम करावं लागेल."

आजोबांचा घास हातात राहिला. माझाही!

त्याच आठवड्यात शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सांगितलं की यापुढे दर वर्षी शाळेतल्या सगळ्या मुलींचे डोळे तपासायचे. काम एकाच दुकानाला द्यायचं. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारणा केली होती. मी ताडकन उभी राहिले आणि म्हटलं, माझे बाबापण करतात! मोठ्या बाई न्यायी आहेत. त्या म्हणाल्या, सोमवारी दोघांनीही सभागृहात येऊन मुलींना समजावून सांगा, तपासून दाखवा, मग बघू.

हे काम मिळालं तर दुकान टिकलं. नाही मिळालं तर बाबा कोटवाल्याच्या हाताखाली. इतकं सरळ होतं.

योजना मीच आखली. बाबांना चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून भाषण मी करणार. विषय: डोळ्यांची नियमित तपासणी. भाषणाच्या शेवटी मी व्यासपीठावरून, सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला टांगलेला तक्ता वरपासून डासापर्यंत वाचून दाखवणार. एवढ्या लांबून! टाळ्या. मग बाबा एक वाक्य बोलणार आणि आजोबा नुसते भारदस्त दिसत बसणार. डॉक्टरीणबाईंकडे यंत्रं असतील, आमच्याकडे घार होती.

रविवारी संध्याकाळी आजोबांनी शिडी लावून स्वतः तक्ता उतरवला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा! त्याला चादरीत गुंडाळला. काचेवर आतून-बाहेरून इतकी धूळ साचली होती की बाबा पुसू का म्हणाले, पण आजोबांना डासाची काळजी वाटली. बाबांनी तो शाळेत नेऊन सभागृहाच्या मागच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, खिळ्याला टांगला. मी व्यासपीठावर उभी राहून जागा बघून ठेवली. समोर, अगदी टोकाला, पांढरा चौकोन. झकास!

सोमवारी सभागृह गच्च भरलं. पुढे जमिनीवर लहान मुली, मागे खुर्च्यांवर मोठ्या, बाजूला शिक्षिका. आधी डॉक्टरीणबाई बोलल्या. मऊ आवाजात, मुद्देसूद. त्यांनी आपला दिव्याचा तक्ता व्यासपीठाच्या उजवीकडे उभा केला होता. आजोबा माझ्या कानात म्हणाले, कोटवाल्याला आणलं नाही वाटतं, लाज वाटली असेल.

मग मी उठले. माइक हातात घेतला. आणि काय सांगू, अशी बोलले, अशी बोलले! डोळा म्हणजे शरीराची खिडकी. नजर हळूहळू अधू होते, आणि ज्याची होते त्याला कळतच नाही. त्याला वाटतं, दिवेच मंद झालेत. त्याला वाटतं, खडूच फिके आहेत. हे सगळं मी दुकानातल्या माहितीपत्रकातून पाठ केलं होतं आणि म्हणताना मला कुठेही काही खटकलं नाही! बाबा खालून मान डोलावत होते.

"आणि नियमित तपासणी झालेली नजर कशी असते," मी म्हटलं, "ते आता बघा."

मी दूरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बोट केलं. सगळ्या मुली वळून मागे बघायला लागल्या.

"ट," मी खणखणीत आवाजात म्हटलं.

कुजबुज झाली. मला वाटलं, कौतुक!

"प, ग." कुजबुज वाढली. "म, र, ब." मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी फिसकन हसलं. जळतात, दुसरं काय. मी आवाज चढवला. "ल, त... आणि तो बघा, त आणि कच्या मध्ये, एक डास!"

मग पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. दात पडलेले, वेण्या घातलेल्या. ती मोठ्या बाईंना अगदी प्रामाणिकपणे म्हणाली,

"बाई, ते कबूतर आहे."

आणि छप्पर उडालं! म्हणजे हसण्याने. मला काही कळेना. हे बघून बाबा, ज्यांना चार माणसांपुढे घाम फुटतो ते माझे बाबा, लेकीसाठी उठून उभे राहिले. "ती बरोबर वाचते आहे," ते त्याच चौकोनाकडे बोट करून म्हणाले. "ट, प ग, म र ब, ल त डास क न. मलाही स्पष्ट दिसतोय."

मोठ्या बाईंनी हात वर केला. हसणं थांबलं. त्या आजोबांकडे वळल्या आणि विचारलं, तुम्हाला काय दिसतं? आजोबा काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी वर बघायचीही तसदी घेतली नाही. "डास आहे," ते म्हणाले. "माझ्या वडलांच्या वेळचा."

"तुमचा तक्ता," मोठ्या बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सकाळी खिळ्यासकट खाली आला. काच फुटली. तो माझ्या टेबलावर ठेवलाय. तुम्ही तिघांनी मिळून खिडकी वाचलीत."

चित्रकलेच्या बाई कोपऱ्यातून ओशाळ्या होऊन सांगायला लागल्या की तक्ता त्यांनीच उचलून ठेवला, सांगायचं राहून गेलं, पण त्यांना वाटलं, चष्मेवाले आहेत, भिंतीवर तक्ता नाही हे त्यांना दिसेलच!

मी पुन्हा तिकडे बघितलं. पांढरा चौकोन. त्यात खाली एक काळपट ठिपका. तेवढ्यात तो ठिपका फडफड करून उडून गेला.

आता धरणी दुभंगली असती तर मी उडी मारली असती आणि वर सतरंजी ओढून घेतली असती. पण धरणी कधी वेळेवर दुभंगत नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला तिथून नीट दिसत नव्हता, आणि आत्ता पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की दिसत नाही. बाबांचा चेहरा! चार पावलांवर! नुसता एक गव्हाळ गोळा. त्या गोळ्याचे खांदे मात्र खाली गेलेले मला कळले, आणि ते खांदे आता कोटवाल्याच्या हाताखाली जाणार होते. माझ्यामुळे.

माइक अजून माझ्या हातातच होता. कोटवाल्याने शिकवलेली छाती अशा वेळी कामी नाही यायची तर केव्हा? मी घसा खाकरला.

"भाषण संपलेलं नाही," मी म्हटलं. "आम्ही चष्म्याच्या दुकानात राहतो. मी तक्त्याखाली वाढले. आमच्या तिघांचेही डोळे गेले, आणि आम्हाला आत्ता तुमच्यासमोर कळलं. आम्हाला तक्ता पाठ होता, म्हणून कुणी तपासलंच नाही. तुम्हालाही काहीतरी पाठ असेल. घरचा जिना पाठ असेल, शाळेचा रस्ता पाठ असेल, शेजारणीची वही असेल. आपल्याला दिसतंय असं वाटणं आणि दिसणं वेगळं असतं. मला माझ्या बाबांचा चेहरा दिसत नाहीये."

शेवटचं वाक्य लिहून आणलेलं नव्हतं. ते कुठून आलं कोण जाणे, पण आवाज जरा चिरकला. मग मी मोठ्या बाईंच्या दिशेने वाकून आभार मानले. नंतर शेजारणीने सांगितलं की मी खांबाचे आभार मानले होते.

मग मागच्या रांगेतून माझ्याच वर्गातल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, फळा फिका दिसणं पण यातच येतं का? मग आणखी एक हात. मग गणिताच्या बाईंनी हळूच विचारलं की अक्षरं हात लांब केल्यावरच वाचता येणं कशात मोडतं. हात वर होतच राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तक्त्याचा दिवा लावायच्या आत मुलींची रांग दारापर्यंत गेली!

मोठ्या बाईंनी आम्हाला आणि डॉक्टरीणबाईंना खोलीत बोलावलं. म्हणाल्या, नियमित तपासणी का हवी हे इतकं पटवून त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतकी मोठी किंमत देऊन तर नाहीच. बाबांनी मान खाली घातली. पण डॉक्टरीणबाईच म्हणाल्या की डोळे मी तपासेन, मात्र एवढ्या मुलींच्या काचा घासून चष्मे बसवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तो हात यांच्याकडे आहे, मी मागेच निरोप पाठवला होता.

"मग तपासणी तुमची, चष्मे यांचे, आणि यांच्याच दुकानात," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकच अट. आधी हे तिघं स्वतःचे डोळे तपासून येतील. खिडकी वाचणाऱ्या माणसाचा चष्मा मी माझ्या मुलींच्या नाकावर चढू देणार नाही."

म्हणजे दुकान वाचलं! पण तपासणी होणार समोरच्या फुटपाथवर. कोटवाल्याच्या दारात.

घरी आजोबांनी आधी काठी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, जाऊ. दुकानासाठी जाऊ. आणि जायचंच तर माणसासारखं जाऊ, मागचं मनात ठेवून नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. आम्ही तिघांनी रस्ता ओलांडला. आई कामावरून सुटून तिथेच भेटणार होती. कोटवाला नेहमीसारखा दारात उभा होता, दात काढून. इतक्या महिन्यांची आमची नजरेची लढाई, आणि आता मी त्याच्याच दारात!

आजोबा थेट त्याच्यासमोर गेले. काठी डाव्या हातात घेतली, उजवा पुढे केला. "झालं गेलं विसरून जाऊ," ते म्हणाले. "माझंही थोडं चुकलं. मी वयाने मोठा आहे, मीच हात पुढे करतो."

कोटवाला हसत राहिला. आजोबांनी मोठ्या मनाने त्याच्या दंडावर थाप मारली.

कोटवाला ताठच्या ताठ मागे पडला!

"अहो, धरा त्याला," आजोबा पांढरेफटक पडले. "मी काही जोरात मारलं नाही." बाबांनी झेप घेऊन त्याला झेललं आणि एका हाताने अलगद उचललं. "बाबा," ते आजोबांना चकित होऊन म्हणाले, "हा खातो की नाही काही? केवढा हलका आहे."

सरकता दरवाजा उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी बाबांच्या काखेतल्या कोटवाल्याकडे बघितलं, आजोबांच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं, आणि बहुधा तिथेच आमची अर्धी तपासणी उरकली.

"तो पुठ्ठ्याचा आहे," त्या म्हणाल्या. "जाहिरातीचा. संध्याकाळी आम्ही आत घेतो त्याला."

आई तेवढ्यात बसच्या गणवेशात येऊन पोचली होती. "म्हणजे तुम्ही थट्टा करत नव्हता," ती म्हणाली आणि फुटपाथवरच खाली बसली. तिला हसू आवरेना.

मला अडीचचा चष्मा लागला, बाबांना त्याहून जास्त, आणि आजोबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यांचं ऑपरेशन आता झालंय. पट्टी सुटल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "दिवे दुरुस्त केले वाटतं!" माझं पहिलं वाक्य मी सांगणार नाही. मी नुसती बाबांकडे बघत बसले. त्यांच्या हनुवटीवर एक खळी आहे. मला माहीतच नव्हतं.

शाळेचं काम जोरात चाललंय. बाबा चष्मा लावून चष्मे करतात. सगळं गोड झालं म्हणून मी इथेच थांबणार होते. पण काल बाबांनी तक्त्याला नवी काच बसवायला घेतली. जुनी धुळीची काच गेलेली, नुसता कागद टेबलावर पसरलेला. आम्ही तिघंही आपापले नवे डोळे घेऊन वाकलो. त्या डासाचं एकदा नीट दर्शन घ्यावं म्हणून.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

तो डास नव्हता. तो झ होता.

जुना, पाय झिजलेला, शाई उडालेला, पण छापलेला, स्वच्छ झ. वरच्या जिन्यातून आई खाली येत होती. तिने आमच्या तिघांच्या पाठी बघितल्या, कागद बघितला आणि शांतपणे म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी झ म्हटलं होतं, मामंजी."

तर मंडळी, हिशोब तुमच्या लक्षात आलाच असेल. ज्यांना डास दिसला त्यांना आम्ही 'नजर उत्तम' म्हणून घरी धाडलं, आणि ज्यांनी बिचाऱ्यांनी झ वाचला त्यांना चष्मे लावले! आजोबा म्हणतात, ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. मी कुणाला सांगणारही नाही. फक्त तुम्हाला एक विनंती. आमच्या दुकानात कधी तुमचा 'बारीकसा नंबर' निघाला असेल, तर समोरच्या फुटपाथवर जाऊन एकदा डोळे तपासून घ्या. दारात कोटवाला भेटेल. त्याला माझा नमस्कार सांगा.

तो मान हलवणार नाही. मनाला लावून घेऊ नका.